अधूनमधून तिसऱ्या गिअरमध्ये अडकणारा जुना पिकअप: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी २००० सालची शेवरोले सिल्व्हराडो १५००. इंजिन ५.३ लिटरचं व्ही-८, गिअरबॉक्स चार गिअरचा ऑटोमॅटिक, ४एल६०-ई. काट्यावर दोन लाख दहा हजार मैल, म्हणजे साधारण ३ लाख ३८ हजार किलोमीटर. मालक मध्य टेक्सासात राहणारं मराठी जोडपं. काका निवृत्त झाल्यावर दोघांनी गावाबाहेर थोडी जमीन घेतली, भाजीपाला लावला आणि तो शनिवारच्या बाजारात न्यायला हा ट्रक जुना विकत घेतला. मागे बहुतेक वेळा छोटा ट्रेलर. दोघांची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की क्लच दाबून गिअर टाकायची गाडी डोळ्यांसमोर येते, म्हणून आधी थोडं या गिअरबॉक्सबद्दल. यात गिअर बदलतो तो ऑइलच्या दाबाने, पण दाब कुठे सोडायचा ते ठरवतात दोन विजेच्या झडपा, म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड. त्यांना ए आणि बी म्हणू. दोन्ही चालू असले की पहिला गिअर. ए बंद, बी चालू असला की दुसरा. दोन्ही बंद असले की तिसरा. ए चालू आणि बी बंद असला की चौथा. सोलेनॉइडला प्लस करंट चावी फिरवल्यावर फ्यूजमधून मिळतो आणि अर्थ देऊन त्यांना चालू-बंद करण्याचं काम इंजिनचा कॉम्प्युटर करतो.

आता समजा सोलेनॉइडचा करंटच गेला. दोन्ही बंद, म्हणजे तिसरा गिअर. शिवाय गडबड लक्षात आली की कॉम्प्युटर ऑइलचा दाब सर्वांत वर नेऊन ठेवतो, म्हणजे आतले क्लच (ऑटोमॅटिकमध्येही गिअर धरून ठेवणारे क्लच आत असतात) घसरून जळू नयेत. गाडी रस्त्यात बंद पडत नाही, रखडत का होईना घरी पोहोचते. बनवणाऱ्यांनी ही सोय फार विचारपूर्वक ठेवली आहे. हे चित्र डोक्यात पक्कं असलं तर पुढची सगळी तक्रार वेगळी ऐकू येते.

तक्रार

सिग्नलला थांबून निघताना गाडी कधी कधी उचलतच नाही. पाय दाबला की इंजिन घरघरतं, ट्रेलर लावलेला असला तर चढावर जीव मेटाकुटीला येतो. एकदा वेग धरला की सगळं ठीक वाटतं, पण चौथा गिअर पडत नाही. रिव्हर्स टाकला की धाडकन झटका बसतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की बहुतेक वेळा सारं पूर्ववत. मग कधी आठवडाभर काही नाही, कधी एकाच सकाळी दोनदा. उन्हाळ्यात जास्त, म्हणून गिअरबॉक्स गरम झाल्यावरच होतं असा सगळ्यांचा समज. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी नाही.

माझ्याकडे आणण्याआधी काकांनी गाडी दुसऱ्या एका गॅरेजला दाखवली होती. तिथे कॉम्प्युटरने साठवलेले बिघाडाचे कोड वाचले, पुसले आणि सांगितलं, ‘गिअरबॉक्स गेला. पूर्ण उघडून बांधावा लागेल.’ खर्च काही हजार डॉलर, गाडीच्या बाजारभावाच्या जवळपास. हा सल्ला उगाच दिलेला नव्हता हे सांगायला हवं. ४एल६०-ईमध्ये इतक्या मैलांनंतर तिसऱ्या-चौथ्याचा क्लच जळणं किंवा आतला सन शेल (गिअरचे भाग एकमेकांना जोडणारं लोखंडी कवच) तुटणं नेहमीचं आहे आणि बहुतेक ग्राहक त्याच तक्रारी घेऊन येतात. पण पुसलेल्या कोडबरोबर पुरावाही पुसला गेला होता. काका ट्रक भंगारात द्यायच्या विचाराला आले होते.

काय काय शक्य होतं

तक्रार ऐकल्यावर चार शक्यता समोर होत्या.

पहिली, आतली मोडतोड. सन शेल तुटला तर दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकत्र जातात, कारण तिघांनाही तोच भाग लागतो. इथे रिव्हर्स पडत होता, उलट जास्तच जोरात. शिवाय तुटलेलं लोखंड चावी फिरवल्यावर जुळून येत नाही. ही शक्यता मागे पडली.

दुसरी, क्लच घसरणं किंवा ऑइलचा दाब कमी पडणं. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, ऑइल गरम, लिव्हर पार्कमध्ये ठेवून डिपस्टिक पाहिली. पातळी बरोबर होती. ऑइल तांबूस तपकिरी झालेलं, पण जळका वास नाही. दोन बोटांत चोळलं तर कणही लागले नाहीत. क्लच जळलेल्या गिअरबॉक्सचं ऑइल असं नसतं. तो वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही.

तिसरी, सोलेनॉइड किंवा गिअरबॉक्सच्या आतली वायरिंग. चौथी, बाहेरची वायरिंग, फ्यूज, स्विच किंवा कॉम्प्युटर.

तिसरी आणि चौथी यांतला फरक खिशाच्या दृष्टीने मोठा. सोलेनॉइडसाठी ऑइलचा पॅन काढावा लागतो आणि दिवस जातो. बाहेरची वायरिंग पाना न लावता तपासता येते. निदान गिअरबॉक्सच्या बाहेर सुरू करायचं, हा पहिला निर्णय इथे झाला.

गाडी बंद-चालू केल्यावर दोष जातो, यावरून मात्र काहीच ठरवता येत नव्हतं. स्विचमध्ये लूज कॉन्टॅक्ट असेल तर चावी फिरवल्याने तो जुळतो. पण सोलेनॉइड क्षणभर दगा देऊन सुधारला असेल तरी कॉम्प्युटर बचावाचा पवित्रा पुढच्या वेळी चावी फिरवेपर्यंत सोडत नाही. दोन्ही कारणांचं लक्षण एकच. म्हणून या खुणेला जास्त वजन दिलं नाही.

कोड परत येऊ देणं

दुसरा निर्णय थांबण्याचा होता. पुसलेले कोड परत येईपर्यंत गाडी वापरायची, पण ट्रेलर न लावता आणि हायवे टाळून. अडकलेल्या तिसऱ्या गिअरमध्ये हायवेवर शिरणं धोक्याचं आहे. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.०६ आणि तिसऱ्याचं १.००, म्हणजे सुरुवातीला चाकांपर्यंत एक तृतीयांशाहूनही कमी जोर पोहोचतो. मागून ट्रक येत असताना ही थट्टा नव्हे. काकांनी अट मान्य केली, बाजाराच्या दिवसासाठी शेजाऱ्याची गाडी मागून घेतली.

कोड आले ते एकदम पाच. पी०७५३ आणि पी०७५८ दोन्ही शिफ्ट सोलेनॉइडचे, पी०७८५ तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना लागणाऱ्या सोलेनॉइडचा, पी०७४० आणि पी१८६० टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या, क्लचचे. स्कॅनरवर प्रत्येक कोडबरोबर त्या क्षणाची नोंद साठवलेली असते. पाचही नोंदींत वेग तोच, तापमान तेच, मैल तेच. एकाच क्षणी पाचही गेले होते.

पाच सोलेनॉइड एकाच सेकंदाला मरत नाहीत. पाचांत सामाईक काय आहे ते शोधायचं. वायरिंगचं चित्र उलगडलं की उत्तर एका ओळीत येतं: पाचही सोलेनॉइडचा प्लस एकाच वायरीतून येतो, गिअरबॉक्सवरच्या वीस पिनांच्या गोल कनेक्टरच्या ई पिनेवर. आणि जो कोड आला नाही, तो आलेल्यांइतकाच बोलका होता. ऑइलचा दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडचा कोड, पी०७४८, यादीत नव्हता. त्या सोलेनॉइडच्या दोन्ही वायरी थेट कॉम्प्युटरकडे जातात, त्या सामाईक वायरीशी त्याचा संबंध नाही. कॉम्प्युटर किंवा आतला हार्नेस (वायरींचा जुडगा) खराब असता तर हा एकटा वाचण्याचं कारण नव्हतं. खात्रीसाठी गोल कनेक्टरपाशी सोलेनॉइडचे ओहम, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजले. शिफ्ट सोलेनॉइड दोन्ही विशीच्या थोडे वर, म्हणजे ठाकठीक.

सोलेनॉइडचा संच बदलून बघू, हा पर्याय इथे सुचतोच. काकांनीही विचारलं, ‘नवीन सोलेनॉइड टाकून मोकळे होऊ का? पाचांचे कोड आहेत म्हणतोस ना?’ मी नको म्हटलं. कोड भागाचं नाव सांगतो तेव्हा दोष त्या भागाच्या सर्किटमध्ये कुठेही असू शकतो. बदललेल्या सोलेनॉइडनाही करंट त्याच वायरीतून मिळणार होता.

काकूंनी सांगितलेली गोष्ट

स्कॅनर बाजूला ठेवून दोघांना पुन्हा सुरुवातीपासून विचारायला बसलो. आतापर्यंत सगळं काकांनीच सांगितलं होतं, कारण गाडी ते चालवतात. काकू शेजारच्या सीटवर बसतात. त्या म्हणाल्या, ‘अरे, ते पी-आर-एन-डी लिहिलेलं असतं ना समोर, तेच जातं तेव्हा. मी यांना म्हटलं होतं, तर म्हणाले उन्हामुळे दिसत नसेल.’

या ट्रकात लिव्हर कुठल्या जागी आहे ते स्पीडोमीटरखालच्या छोट्या पडद्यावर दिसतं. तो पडदा आणि सोलेनॉइडची सामाईक वायर हे दोन्ही डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला असलेल्या एकाच दहा अँपिअरच्या फ्यूजवर आहेत. फ्यूजवर लिहिलंय आयजीएन झिरो. म्हणजे गोल कनेक्टर, गाडीखालून जाणारी वायर, एक्झॉस्टच्या उष्णतेने वितळलेला हार्नेस या सगळ्या शंका एका वाक्यात मागे पडल्या. दोष फ्यूजपाशी किंवा त्याच्याही आधी होता. चार दिवस वायरी चाचपून जे हाती लागलं नसतं ते शेजारच्या सीटवरून आलं.

पडताळा म्हणून दोष मुद्दाम तयार केला. मोकळ्या जागेत गाडी नेली आणि आयजीएन झिरोचा फ्यूज उपसून काढला. अक्षरं गेली. इंजिन नीट चालत राहिलं, कारण त्याच्या करंटची वाट चावीच्या स्विचमधल्या वेगळ्या संपर्कातून आहे. डीमध्ये टाकून निघालो तर तीच रखडणारी चाल. लिव्हर दोनवर आणला तर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये बरी ओढू लागली, कारण त्या जागी दुसरा गिअर ऑइलच्या वाटांनीच मिळतो. रिव्हर्सला तोच झटका. स्कॅनरवर तेच पाच कोड. काका शेजारी बसले होते, म्हणाले, ‘हेच! अगदी हेच होतं.’ बिघाड हवा तेव्हा आणता आणि घालवता येऊ लागला की निदान बरंचसं हाती आलेलं असतं.

फ्यूज, की त्याच्याही मागे

फ्यूज स्वतः शाबूत होता, त्याचे पाय घट्ट बसत होते. मल्टिमीटर लावला तर व्होल्टेज पूर्ण. इथे बरेच जण फसतात. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट ओढत नाही, त्यामुळे काळवंडलेल्या कॉन्टॅक्टमधूनही तो बारा व्होल्ट दाखवतो. सोलेनॉइड चालू होऊन दोन-एक अँपिअर वाहू लागले आणि कॉन्टॅक्टमध्ये तीन ओहमचा अडथळा असला, तर सहा व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि सोलेनॉइडच्या वाट्याला निम्मेच उरतात. म्हणून मोजायचं ते गाडी चालू असताना, ओझं लागलेलं असताना.

पण दोष यायला तयार नव्हता. मग दोन छोटे बल्ब लावले. एक आयजीएन झिरोच्या फ्यूजवरून, दुसरा गिअरबॉक्सच्या ई पिनेवरून वायर आत आणून. दोन्ही वायरींना स्वतःचा छोटा फ्यूज दिला, नाहीतर आपलीच वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर नवीनच बिघाड उभा राहतो. बल्ब डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावले. हिशेब साधा: फक्त दुसरा विझला तर दोष मधल्या वायरीत, दोन्ही विझले तर फ्यूजच्या मागे. बल्ब करंट ओढतो, त्यामुळे मल्टिमीटरसारखा फसवत नाही. काकूंना सांगितलं, ‘काकू, तुम्ही रस्ता बघू नका, हे दोन दिवे बघा.’

उत्तर त्यांच्या शेताच्या फाटकापाशी मिळालं. गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून तिथे जमिनीत लोखंडी पाइप आडवे बसवलेले आहेत. त्यावरून गाडी खडखडत गेली आणि दोन्ही बल्ब एकदम विझले, अक्षरंही गेली. सकाळची वेळ, गिअरबॉक्स थंडगार. ‘गरम झाल्यावरच होतं’ हा सुरुवातीचा समज इथे संपला. उन्हाळ्यात दोष जास्त येत होता तो गिअरबॉक्स तापल्यामुळे नव्हे. बंद उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये सगळंच तापतं, स्विचही.

गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून स्टीअरिंगखालची आवरणं काढली. इग्निशन स्विचच्या मागच्या कनेक्टरवर बॅटरीकडून येणारी वायर आणि फ्यूजकडे जाणारी वायर, दोन्हींवर मीटर लावला. येणाऱ्या वायरीवर १४.१ व्होल्ट, तसूभर हलत नव्हते. चावी हळूच खाली दाबली तर जाणाऱ्या वायरीवर १३.८, मग ९, मग शून्य. सोडली की परत वर. करंट स्विचमध्ये शिरत होता आणि बाहेर येत नव्हता. याहून जास्त पुरावा लागत नाही.

चावीच्या कडीला ट्रेलरचं कुलूप, फाटक, अवजारांची खोली, पंपाची खोली असा सगळा जुडगा लटकत होता. खडबडीत रस्त्यावर तो झुलताना प्रत्येक हिसका स्विचपर्यंत पोहोचायचा. स्विचचं वयही वीस वर्षांच्या वर. त्याला दोष देण्यासारखं काही नाही, झिजायचा तेवढा झिजला.

काय केलं

स्विचचा विजेचा भाग नवीन टाकला. त्याआधी बॅटरीची मायनस वायर काढून थोडा वेळ थांबायचं, कारण स्टीअरिंगमध्ये एअरबॅग आहे आणि तिची वीज लगेच उतरत नाही. यात घाई करू नये. कुलपाचा भाग तोच ठेवला, म्हणजे चावी बदलावी लागली नाही. स्विचचा खर्च शे-दीडशे डॉलर, अधिक काही तासांची मजुरी.

काढलेला स्विच उघडून पाहिला. एका संपर्कपट्टीचं टोक काळं पडलेलं, खड्डा पडलेला आणि शेजारचं प्लास्टिक उष्णतेने तपकिरी होऊन किंचित खचलेलं. बाकीचे संपर्क चकचकीत. इंजिन का बंद पडत नव्हतं, तेही तिथेच डोळ्यांनी दिसलं. काकांना तो तुकडा हातात दिला. ते बराच वेळ उलटसुलट करून पाहत होते.

शेवटचा निर्णय ऑइलचा होता. गाडी बरेच महिने अधूनमधून तिसऱ्या गिअरवरून, ट्रेलरसकट उचलली गेली होती. अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ऑइल प्रमाणाबाहेर तापतं. इतक्या जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलू नये, असं बरेच जण सांगतात. माझं मत असं की मशीनने दाब देऊन सगळं ऑइल धुऊन काढू नये, पण पॅन उतरवून बघण्यात भीती नाही, आणि आत काय आहे ते कळतं. चुंबकावर राखाडी पातळ चिखल होता, या वयाला साजेसा. धातूचे तुकडे किंवा क्लचच्या अस्तराचे काळे कपचे नव्हते. फिल्टर बदलला, पॅन उतरवल्यावर जेवढं निघतं तेवढं, पाचेक लिटर ऑइल नवीन भरलं. डेक्सरॉन हा या ऑइलचा प्रकार, जुन्या डेक्सरॉन-३ च्या जागी आता डेक्सरॉन-६ चालतं.

निष्पत्ती

बल्ब काही दिवस तसेच ठेवायला सांगितले. त्याच फाटकावरून, त्याच पाइपांवरून गाडी येत-जात राहिली, बल्ब विझले नाहीत. पुढचा अख्खा उन्हाळा ट्रेलर ओढून झाला. पाचांपैकी एकही कोड परत आला नाही. रिव्हर्सचा झटका गेला. चौथा गिअर वेळेवर पडतो.

गिअरबॉक्स मात्र नवा झालेला नाही, हे दोघांना स्पष्ट सांगितलं. दोन लाखांवर मैल झालेला ४एल६०-ई उद्या खरोखरच क्लच जाळू शकतो. तेव्हा लक्षणं वेगळी असतील: चौथ्यात इंजिनचा आवाज वाढेल पण वेग वाढणार नाही, ऑइलला जळका वास येईल, आणि समोरची अक्षरं जागच्या जागी असतील.

गिअरबॉक्स बांधून घेतला असता तर काय झालं असतं, हा विचार मला बराच वेळ सोडत नव्हता. नवीन सोलेनॉइड, नवीन क्लच घालून गाडी घरी आली असती. गिअरबॉक्स काढताना बॅटरी सुटते, वायरी हलतात, चावी अनेकदा फिरते, त्यामुळे दोष काही दिवस दडूनही बसला असता. मग एखाद्या शनिवारी पहाटे, भाजी भरलेल्या ट्रेलरसकट, पुन्हा तेच. हजारो डॉलर गेलेले आणि संशय नव्याकोऱ्या गिअरबॉक्सवर.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी बचत पहिल्याच दिवशी होती. कोड पुसण्याआधी ते साठवलेल्या नोंदींसकट कागदावर उतरवून घेतले असते तर पाच कोड, एक क्षण, ही गोष्ट तेव्हाच दिसली असती. गाडी दुसरीकडे न्यायची असेल तर ग्राहकानेही तो कागद मागून घ्यावा. तो त्याचाच आहे.

विचारपूसही आधी व्हायला हवी, आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाची. ‘दोष आला तेव्हा आणखी काय बंद पडतं? दिवे, काटे, एसी, रेडिओ?’ एवढा एक प्रश्न सुरुवातीला विचारला गेला असता तर फ्यूजचा तक्ता उघडून अर्ध्या तासात आयजीएन झिरोपर्यंत पोहोचता आलं असतं. मोबाइलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ काढून ठेवायला सांगणं हाही सोपा मार्ग आहे, पण तो शेजारच्या माणसाने काढायचा, चालवणाऱ्याने नाही.

सोलेनॉइडचे ओहम मोजण्यासाठी गोल कनेक्टर काढला, तेही मागे ढकलता आलं असतं. दोष कनेक्टरमध्येच असता तर काढून बसवण्याने पिना घासून साफ झाल्या असत्या आणि दोष काही दिवस लपला असता. कधीमधी येणाऱ्या बिघाडात आधी काहीही न सोडवता, मागून सुई टोचून मोजायचं. सोडवायचं ते नंतर.

आता ट्रकची चावी एकटी असते. बाकीचा जुडगा काकूंच्या पिशवीत.